पैसेवारी नसलेला दुष्काळ

८ जून २०२५ रोजी अचलपूरचे माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीत अन्नत्याग आंदोलनाला बसले. मुख्य मागणी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची होती आणि जागा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीजवळची. सरकारचं आश्वासन मिळाल्यावर आठवडाभराने आंदोलन थांबलं. याच कडूंनी ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस मुंबईत सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर आंदोलन केलं होतं. ऑनलाइन गेमिंगच्या जाहिरातीत तेंडुलकर दिसतात, हा त्यांचा आक्षेप होता. एक आंदोलन कर्जाचं, दुसरं खेळाचं. या दोन गोष्टी एकमेकींना सहसा भेटत नाहीत. पण बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर त्या भेटल्या तर मोठी मौज होते, आणि पैशाकडे बँक नेमकी कशी बघते तेही तिथेच कळतं.

समजा, तिवसा तालुक्यातल्या एखाद्या शाखेत एकाच सकाळी दोन अर्ज आले. पहिला मोझरीच्या कापूस उत्पादकाचा. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, जुनं मातीचं घर पाडून पक्कं बांधायचं आहे. दुसरा त्याच गावातल्या एका तरुणाचा. इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली, सोडली, आणि आता पोकर खेळून कमावतो. दोघांनाही दहा लाख हवेत. "धंदा काय?" या रकान्यात पहिल्याने ‘शेती’ लिहिलं. दुसऱ्याचा पेन तिथेच अडला. ज्या गावात १९३५ साली महाराजांनी आश्रम उभारला आणि जिथून व्यसनमुक्तीचा प्रचार खंजिरीच्या तालावर गावोगाव गेला, तिथल्या पोराने ‘पत्ते’ असं कोणत्या तोंडाने लिहावं?

गावकीची लाज बाजूला ठेवू. बँकेला लाज वाटत नसते, तिला हिशेब लागतो. आता गंमत अशी की वऱ्हाडात शेतकरी स्वतःच म्हणतो, शेती म्हणजे जुगार आहे. मृगाचा पाऊस हुकला, बोंडअळी आली, भाव पडला, की गेलं वर्ष. मग एका जुगाराला सातबारा आहे म्हणून कर्ज आणि दुसऱ्याला नाही, असं का? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

बँक कर्ज देताना काय विकत घेते ते आधी बघू. दहा लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत. हप्ता बसतो महिन्याला सुमारे ८,६७८ रुपये. असे २४० हप्ते, म्हणजे घेतले दहा लाख आणि फेडायचे जवळपास २० लाख ८३ हजार. तुमच्याकडे आज किती पैसे आहेत याच्याशी बँकेला फारसं देणंघेणं नसतं. तिचा प्रश्न वेगळा आहे: हे ८,६७८ रुपये तुम्ही ओळीने २४० वेळा आणून द्याल का? लागोपाठ तीन महिने हप्ता चुकला, थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते खातं अनुत्पादक ठरतं. कर्जदार किती कमावतो यापेक्षा तो किती नेमाने कमावतो याला इथे किंमत येते. वर्षाला सहा लाख पगार घेणाऱ्या शिक्षकापुढे पंधरा लाख जिंकणारा खेळाडू उभा केला, तर साहेब शिक्षकालाच आधी चहा सांगतील.

आता पोकरवाल्याच्या नेमाकडे जरा जवळून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतो, पण ते अशा खेळाच्या वास्तवाला धरून आहेत. एक चांगला खेळाडू धरा. टेबलावरची किमान बोली हे एक माप मानलं, तर दर शंभर डावांमागे तो सरासरी ५ मापं कमावतो. पण त्याच शंभर डावांतला चढउतार, गणितवाले ज्याला प्रमाण विचलन म्हणतात तो, ९० मापांचा असतो. कमाई पाच आणि हेलकावा नव्वद! एखाद्या संध्याकाळी हा पठ्ठ्या जिंकला की हरला, यावरून तो चांगला खेळतो की वाईट हे देवालाही सांगता यायचं नाही.

समोरासमोर बसून खेळताना तासाला साधारण तीस डाव होतात. आठवड्याला तीस तास, वर्षाला पन्नास आठवडे खेळला तर डाव भरले ४५,०००. आता खरोखर चांगल्या असलेल्या या खेळाडूचा एखादा महिना तोट्यात जाण्याची शक्यता काढली तर ती येते सुमारे ३७ टक्के. तिमाही तोट्यात जाण्याची २८ टक्के. सबंध वर्ष तोट्यात जाण्याची १२ टक्के, म्हणजे जवळजवळ आठात एक. दोन वर्षं मिळून तोटा होण्याची मात्र फक्त ५ टक्के.

हे चार आकडे पुन्हा एकदा वाचा, कारण सगळं रहस्य त्यांत आहे. बँकेचा धीर ९० दिवसांचा, आणि एक उत्तम खेळाडू चारातल्या एका तिमाहीहून अधिक वेळा हरतो. त्यात त्याचा काही दोष नसतो, तो खेळाचाच स्वभाव आहे. उलट दोन वर्षांच्या मुदतीवर पाहिलं तर नशिबाचा गोंगाट बराचसा विरून जातो आणि हातातलं कसब दिसू लागतं. स्वतःचा धंदा असलेल्या अर्जदाराकडे बँका दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागतात. ती सवय किराणा दुकानं, दवाखाने आणि वकिली यांच्या अनुभवातून आली असणार. तरी पोकरच्या गणिताने मागितलेली मुदत जवळपास तेवढीच निघावी, हे पाहून मला नवल वाटतं. दोन वर्षांच्या आत खेळाडूला स्वतःलाही खात्री नसते की आपल्याला खेळ येतो, की नुसते पत्ते बरे आले.

मग दोन वर्षांची विवरणपत्रं जोडली की झालं? नाही, खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

१९६१ च्या आयकर कायद्याने लॉटरी, घोड्यांच्या शर्यती आणि पत्त्यांचे खेळ यांतून जिंकलेल्या पैशाला ‘इतर स्रोतांतून मिळालेलं उत्पन्न’ या खान्यात टाकलं. कलम ११५बीबी प्रमाणे त्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर. उत्पन्न कमी म्हणून सूट नाही, खर्चाची वजावट नाही आणि हरलेल्या पैशाची वजावट तर नाहीच. समजा, आपल्या तरुणाने वर्षभरात वेगवेगळ्या बैठकांत मिळून दहा लाख जिंकले आणि आठ लाख हरला. हातात उरले दोन लाख, आणि कर बसला दहा लाखांवर, तीन लाख. म्हणजे वर्षअखेर खिशातून एक लाख गेले, पण विवरणपत्रावर तो ऐटीत दहा लाखांचा धनी. बँकेचा अधिकारी मूर्ख नसतो. त्याला माहीत असतं की या कागदावर जिंकलेलं दिसतं आणि हरलेलं दिसत नाही. ज्या कागदावर तोटा उमटूच शकत नाही, त्या कागदावरच्या नफ्याला तो काय भाव देणार?

ऑनलाइन खेळांपुरती १ एप्रिल २०२३ पासून जरा वेगळी रीत आली होती. तिथे खात्यात भरलेले पैसे वजा करून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जाऊ लागला. म्हणजे निदान हिशेब तरी खरा दिसायचा. पण त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला. कसबाचा असो वा नशिबाचा, पैसे लागले की खेळ बंद. बँकांनी अशा खेळांचे व्यवहार पुढे पाठवायचे नाहीत, हेही त्याच कायद्यात आहे. मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ गुंडाळले. ज्या व्यवहारांपासून बँकेला दूर राहायला सांगितलं, त्यांतून आलेल्या पैशावर तिने वीस वर्षांची भिस्त कशी ठेवावी?

इथे जरा परदेशात डोकावू, म्हणजे आपली रीत किती खास आहे ते कळेल. अमेरिकेत रॉबर्ट ग्रोट्झिंगर नावाचा एक गृहस्थ होता. नोकरी सुटल्यावर १९७८ साली तो आठवड्याचे साठ ते ऐंशी तास कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्यात घालवत होता. त्या वर्षी त्याने ७०,००० डॉलर जिंकले आणि ७२,०३२ डॉलर लावले, म्हणजे २,०३२ डॉलरचा तोटा. हा धंदा म्हणायचा की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८७ साली निकाल लागला: माणूस पूर्णवेळ, नेमाने आणि पोटासाठी हे करत असेल तर तो धंदाच. धंदा ठरला की जिंकलेल्यातून हरलेलं वजा करता येतं, आणि वजा करून उरलेला आकडा कर्ज देणाऱ्याला दाखवता येतो. तिथले कर्जदाते साधारणपणे दोन वर्षांच्या विवरणपत्रांची सरासरी काढतात. दुसऱ्या वर्षी कमाई घसरली असेल तर सरासरी सोडून कमी असलेला आकडा धरतात. ग्रोट्झिंगर आपल्याकडे असता तर त्याच तोट्याच्या वर्षी त्याला २१,००० डॉलर कर बसला असता. अमेरिकेनेही आता थोडी आपली वाट धरली आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून हरलेल्या रकमेपैकी ९० टक्केच वजा करता येतात.

इंग्लंडची तऱ्हा तिसरीच. १९२५ साली तिथल्या न्यायालयापुढे एका माणसाचा खटला आला. तो घरी बसून घोड्यांवर पैसे लावायचा आणि त्यावरच जगायचा. न्यायाधीश रोलॅट म्हणाले, हा धंदा नव्हे, सबब कर नाही. आजही तिथे खेळाडूच्या जिंकलेल्या पैशावर आयकर नाही. ऐकून आपल्या तरुणाच्या तोंडाला पाणी सुटेल. पण कर नाही म्हणजे कराचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे कर्जासाठी दाखवायला उत्पन्नाचा पुरावा नाही.

आता मजा बघा. कर माफ, म्हणून कागद नाही. ही लंडनच्या पोकरवाल्याची अडचण आपल्या ओळखीची आहे. मोझरीचा कापूस उत्पादकही नेमका असाच उभा असतो. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त, म्हणून निव्वळ शेती करणाऱ्याकडे विवरणपत्र नसतं. आपला तरुण खेळाडू मात्र याच्या बरोबर उलट टोकाला. एकाकडे उत्पन्न आहे पण विवरणपत्र नाही. दुसऱ्याकडे विवरणपत्र आहे, आणि त्यावरच्या आकड्याएवढं उत्पन्न नाही. तरी बँक पहिल्याशी बोलते. का?

कारण शेतकऱ्याच्या नशिबाला सरकारी दप्तर आहे. सातबाऱ्यावर वावर किती, आठ-अ वर एकूण खातं किती, पेरा काय, हे सगळं गावच्या तलाठ्याकडे लिहिलेलं असतं. २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः उभ्या पिकाचा फोटो मोबाइलवर टाकतो. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं, ते जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. कापूस बाजार समितीत किंवा सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर गेला की हिशेबपट्टी मिळते आणि पैसे खात्यात येतात. भाव पडला तरी खाली हमीभावाची जाळी असते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पाच एकरांत एकरी सहा क्विंटल धरले तर तीस क्विंटलचे २ लाख ४३ हजार होतात. बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचाईची मजुरी वजा जाता काय उरतं, हे शाखेतला शेती अधिकारी डोळे मिटून सांगेल. कदाचित दहा लाख मिळणार नाहीत, पाचच मिळतील. पाच लाखांचे वर्षाला साधारण ५२,००० भरायचे. पण कागदावर काहीतरी धरायला आहे.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. शेतकऱ्याचं वाईट वर्षसुद्धा सरकारी असतं! पावसाने दगा दिला की महसूल खातं गावागावांत पीक कापणीचे प्रयोग करतं आणि पैसेवारी काढतं. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. रुपयातले किती पैसे पीक आलं, असा तो हिशेब. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरलं जातं. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीच्या नियमांनुसार कर्जाचे हप्ते पुन्हा बांधून देण्याचा मार्ग उघडतो. मोझरीच्या शेतकऱ्याचं पीक गेलं तेव्हा शेजाऱ्याचंही गेलं, तालुक्याचंही गेलं, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी सही करून तसं जाहीर केलं. पोकरच्या टेबलावर तीन महिने पत्तेच आले नाहीत तर त्याची पैसेवारी कोण काढणार? त्याचा दुष्काळ त्याच्या एकट्याचा असतो. समोरच्या खुर्चीवर तर त्याच रात्री सुकाळ असतो.

बँकेच्या धीराचं मापही इथे बदलतं. मघाशी ९० दिवस म्हटलं ते पगारदार आणि धंदेवाल्यांसाठी. पीककर्जाला तो नियम नाही. कापसासारख्या वर्षाच्या आत निघणाऱ्या पिकावरचं कर्ज थकलं, तर पिकाचे दोन हंगाम उलटून गेल्यावरच ते अनुत्पादक धरतात. ग्रामीण घरबांधणीच्या काही योजनांत तर रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय की शेतकऱ्याच्या घराचे हप्ते पिकाच्या चक्राला जुळवून बांधा. म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला नाही, तर पहिला वेचा, दुसरा वेचा घरी येऊन कापूस गाडीत भरला की भरा. "साहेब, कापूस इकला की भरतो" हे शेतकऱ्याचं नेहमीचं वाक्य केंद्रीय बँकेच्या परिपत्रकात कायद्याच्या भाषेत जाऊन बसलं आहे. हे परिपत्रक प्रत्येक शाखेत त्याच उमद्या मनाने पाळलं जातं असं कोणी म्हणणार नाही. तसं असतं तर मोझरीत कर्जमाफीसाठी कोणाला उपाशी बसावं लागलं नसतं. पण बँकव्यवस्थेला अनिश्चित कमाईसाठी थांबता येतं, आणि कसं थांबायचं हे तिने लिहून ठेवलंय, एवढं यातून नक्की कळतं.

"वावर हाये तं पावर हाये" म्हणतात आपल्याकडे. गृहकर्जात मात्र या पावरला एक मोठी मेख आहे. थकीत कर्जदाराची तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला, पण शेतजमीन त्यातून वगळली. त्यामुळे घरासाठी बँक वावराकडे बघून मान डोलावते आणि तारण मात्र घराचंच मागते. गावठाणातल्या घराला पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना आठशिवाय धड कागद नसायचा, आणि तो मालकीचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला लागले, तेव्हा कुठे पिढ्यान्‌पिढ्यांच्या घराला बँकेच्या नजरेत अस्तित्व आलं. गंमत म्हणजे ही पत्रिका दोन्ही अर्जदारांना सारखीच उपयोगी. घर तारण ठेवताना धनी कापूस पिकवतो की पत्ते पिसतो, हे भिंतींना कळत नाही.

कायद्याच्या नजरेत मात्र पत्त्यांची जात अजून ठरायची आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक. जिंकलेले पैसे समोरच्याने दिले नाहीत तर कोर्टात मागता येत नाहीत. १८८७ चा मुंबईचा जुगारबंदी कायदा, जो आजही महाराष्ट्राला लागू आहे, निव्वळ कसबाच्या खेळांना सोडून देतो. रमी कोणत्या बाजूला? १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात म्हटलं की रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, तेव्हा तिच्यात कसब जास्त. आपल्याकडे पोळ्याला झाडाखाली रंगणारी तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. पोकरवर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. कर्नाटकाच्या न्यायालयाने २०१३ मध्ये तो कसबाचा धरून क्लबांना दिलासा दिला, गुजरातच्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारात काढलं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकरला नाव घेऊन सूट आहे. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या तरंगत्या कॅसिनोंना परवाने आहेत. म्हणजे तोच माणूस, तेच बावन्न पत्ते, आणि राज्याची सीमा ओलांडली की धंद्याचं नाव बदलतं. वीस वर्षांचं कर्ज देणारा सीमा बदलण्याचा धोका का घेईल?

आणि कापूस व जुगार यांची सोयरीक काही नवी नाही. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैसे लावत. १९६१ साली तिकडून भाव येण्याची ती सोय थांबली. मग भावाशिवायच आकडे काढायची युक्ती निघाली आणि मटका जन्मला. वऱ्हाडातल्या पानटपऱ्यांवर ज्या ‘आकड्याने’ कित्येक घरं धुतली, त्याचं मूळ एका सच्च्या पिकाच्या बाजारभावात आहे. फरक एवढाच पडला की आकड्यामागचा कापूस गेला आणि नुसता आकडा राहिला. बँकेच्या मनातली भीती हीच आहे: या उत्पन्नामागे काय आहे?

मग आपल्या तरुणाला घर मिळणारच नाही का? मिळू शकतं, पण वाट आडवळणाची आहे. पहिली युक्ती म्हणजे जिंकलेल्या पैशाला बँकेला वाचता येईल असं रूप देणं. कर भरून उरलेली रक्कम मुदत ठेवीत टाकली की ती ठेव होते, तिचं व्याज नियमित उत्पन्न होतं, आणि ठेवीवर तर कर्ज लगेच मिळतं. दुसरी, स्वतःचा वाटा मोठा ठेवणं. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मुभा देते. पण अनिश्चित कमाईवाल्याने अर्धे पैसे स्वतःचे घातले तर साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या कमी होतात. तिसरी, सहअर्जदार. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असेल तर कर्ज तिच्या पगारावर उभं राहतं, आणि चांगल्या महिन्यांत हा जादा रक्कम भरून मुद्दल कमी करतो. चौथी, ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज. स्टेट बँकेचं मॅक्सगेन या जातीचं आहे. त्यात हाती एकरकमी पैसा आला की कर्जखात्यातच ठेवायचा. तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि अडीअडचणीला तो पैसा परत काढता येतो. कधी पूर तर कधी कोरड अशा कमाईला याहून सोयीचं कर्ज शोधून सापडायचं नाही. ग्रामीण भागात फिरणाऱ्या गृहवित्त कंपन्या विवरणपत्र नसलेल्यांकडेही जातात. त्यांचा माणूस घरी येतो, दुकानात बसून गिऱ्हाइकं मोजतो, वहीतली उधारी पाहतो आणि उत्पन्नाचा अंदाज बांधतो. त्यांचं व्याज चढं असतं, कारण त्या कष्टाचे आणि धोक्याचे पैसे त्यात धरलेले असतात. पण पोकरचं टेबल असं बसून मोजता येत नाही. मघाचं गणित आठवा: दोन वर्षं बसावं लागेल.

हा प्रश्न एका पोकरवाल्याचा वाटतो, पण तसा तो नाही. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला मोझरीत लाखो लोक येतात, तेव्हा प्रसादाची, खेळण्यांची, फोटोंची दुकानं लागतात. त्या काही दिवसांत बरीच कमाई करणारे विक्रेते आहेत. हंगामात रोज दोन कार्यक्रम आणि पावसाळ्यात महिनाभर रिकामे, असे कीर्तनकार आणि भजनी गायक आहेत. लग्नसराईवर जगणारे बँडवाले, मंडपवाले, फोटोग्राफर आहेत. आता अमरावतीत घरोघरी जेवण पोचवणारी पोरंही आहेत. यांच्यापैकी कोणाचीही पैसेवारी निघत नाही.

या सगळ्यांनी बँकेच्या बाजूने एकदा विचार करून पाहावा. चांगल्या वर्षाचा पुरावा सगळेच आणतात. जिंकलेल्या स्पर्धेची छायाचित्रं, भरलेल्या मंडपाचे व्हिडिओ, एका महिन्यात खात्यात आलेले दोन लाख. अधिकारी ते बघतो, कौतुकही करतो, पण निर्णय त्यावर घेत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं की तुमचं वाईट वर्ष किती वाईट होतं आणि त्यातून तुम्ही कसे निघालात. शेतकऱ्याच्या वतीने हे उत्तर सरकार देतं, सातबारा आणि पैसेवारी लिहून. पोकरवाल्याचं उत्तर आपला करकायदा पुसून टाकतो, कारण हरलेल्या पैशाला त्यात जागाच नाही. बाकीच्यांनी मात्र ते स्वतः लिहायला कोणी अडवलेलं नाही. रोजची जमा, रोजचा खर्च, रिकामे गेलेले महिने, त्या महिन्यांत कशावर भागवलं, कोणता हप्ता तरीही भरला. हे सगळं खात्यातून फिरलेलं आणि वहीत टिपलेलं असेल, तर तोट्याचा महिना दाखवायला लाजू नये. कर्जाच्या टेबलावर तोच सगळ्यांत बोलका कागद असतो.